लंडनमध्ये संशोधनासाठी महिनाभर राहायचे आहे : परवडणारी खोली कशी आणि कोठे शोधावी?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात इतिहास शिकवते. प्रतापसिंह छत्रपतींना १८३९ मध्ये कंपनी सरकारने पदच्युत केल्यानंतर त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि तेथे अनेक वर्षे राहिले, हे येथील पुष्कळांना ठाऊक असेल. त्या प्रकरणाशी संबंधित कागद ज्यात आहेत ते इंडिया ऑफिसचे, म्हणजे लंडनमधून भारताचा कारभार पाहणाऱ्या खात्याचे, दप्तर आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यातील काही कागद प्रत्यक्ष पाहण्यासाठी जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत लंडनमध्ये राहण्याचा माझा विचार आहे.

विमानप्रवासाची सोय झाली आहे. राहणे, जेवण आणि शहरातील येणे-जाणे यांसाठी माझ्याकडे साधारण पावणेदोन लाख रुपये आहेत, म्हणजे चौदाशे पौंडांच्या आसपास. हॉटेलांचे दर पाहिले तर एवढ्या रकमेत जेमतेम दोन आठवडे निघतील. मी शाकाहारी आहे, स्वतः स्वयंपाक करायला माझी हरकत नाही, उलट तसे झाले तर बरेच होईल. खोली लहान असली तरी चालेल. पण ती स्वतंत्र हवी, रात्री शांतपणे टिपणे काढता यायला हवीत आणि संध्याकाळी उशिरा परतताना भीती वाटू नये. लंडनमध्ये माझे कोणी नातेवाईक नाहीत. विद्यार्थी वसतिगृह, घरगुती खोली, संकेतस्थळावरून घेतलेले घर यांपैकी कोणता मार्ग धरावा आणि शहराच्या कोणत्या भागात शोध घ्यावा, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

टिपणवही

तुमचा विषय वाचून आनंद झाला. मी पीएच.डी.च्या कामासाठी त्याच वाचनकक्षात बसलो आहे, त्यामुळे निवासाचा विचार ग्रंथालयाच्या वेळापत्रकापासून सुरू करावा असे मला मनापासून वाटते.

ब्रिटिश लायब्ररीची सध्याची इमारत युस्टन रोडवर, सेंट पँक्रस स्थानकाला लागून आहे. १९९८ मध्ये तिचे औपचारिक उद्घाटन झाले आणि इंडिया ऑफिसचे दप्तर तिसऱ्या मजल्यावरील आशियाई व आफ्रिकी अभ्यासाच्या वाचनकक्षात वाचायला मिळते. वाचनकक्ष शनिवारीही उघडे असतात, रविवारी बंद. ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण खोली शोधताना ती महत्त्वाची ठरते. लंडनमध्ये केवळ सोमवार ते शुक्रवार अशा मुदतीने दिल्या जाणाऱ्या खोल्या बऱ्याच असतात आणि त्या स्वस्तही मिळतात. मात्र शनिवार-रविवारी तुम्हाला सामान घेऊन दुसरीकडे जावे लागते आणि शनिवारचा वाचनाचा दिवस हातचा जातो. स्वस्त दराला भुलून तो पर्याय घेऊ नका.

दुसरे, निवासासाठी परत न मिळणारे पैसे भरण्यापूर्वी हवे असलेले कागद त्या महिन्यात मिळणार आहेत की नाही याची ग्रंथालयाला ईमेल करून खात्री करून घ्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांच्या संगणकव्यवस्थेवर मोठा सायबर हल्ला झाला आणि त्यानंतर सूची व मागणीची व्यवस्था दीर्घकाळ विस्कळीत राहिली. शिवाय संग्रहाचा काही भाग यॉर्कशायरमधील बॉस्टन स्पा येथे असतो आणि तेथून साहित्य यायला जास्त वेळ लागतो. कागद कोणत्या दिवशी समोर येणार हे कळल्यावरच मुक्कामाच्या तारखा पक्क्या कराव्यात.

आता जागेबद्दल. ग्रंथालयापासून चालत जाता येईल असा ब्लूम्सबरीचा परिसर अभ्यासकासाठी सर्वांत सोयीचा आहे आणि तुमच्या तारखाही अनुकूल आहेत. विद्यापीठांची उन्हाळी सुट्टी सुरू झाली की विद्यार्थ्यांच्या रिकाम्या खोल्या बाहेरच्या लोकांना दिल्या जातात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे पासफील्ड हॉल, लंडन विद्यापीठाचे कार्टराइट गार्डन्सवरील गार्डन हॉल्स, टॅव्हिस्टॉक स्क्वेअरवरील कॉनॉट हॉल ही सारी वसतिगृहे ग्रंथालयापासून पायी पंधरा मिनिटांच्या आतबाहेर आहेत. खोली साधी असते, पण टेबल, खुर्ची आणि चांगला दिवा हमखास असतो, आणि टिपणे काढणाऱ्याला आणखी काय हवे? अडचण दराची. रात्रीला पन्नास पौंडांच्या आत एकेरी खोली क्वचितच मिळते, त्यामुळे संपूर्ण महिना तेथे काढणे तुमच्या रकमेत बसणार नाही. मेकलेनबर्ग स्क्वेअरवरील गुडइनफ कॉलेज हे नावाने महाविद्यालय असले तरी ते पदव्युत्तर विद्यार्थी आणि अभ्यासक यांचे निवासस्थान आहे. तेथेही विचारून पाहा.

फिट्झरॉय स्क्वेअरवरील इंडियन वायएमसीए मात्र अवश्य विचारात घ्यावे. १९२० मध्ये भारतीय विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेली ही संस्था आजही भारतातून येणाऱ्यांना राहायला खोल्या देते. तेथील दरात न्याहारी आणि रात्रीचे जेवण धरलेले असते (आरक्षण करताना याची पुन्हा खात्री करून घ्यावी), आणि शाकाहारी माणसाची तेथे पंचाईत होत नाही. ग्रंथालय तेथून वीस-पंचवीस मिनिटांच्या चालीवर आहे. हॉटेलाच्या दराशी तुलना करताना दोन वेळचे जेवण वजा करून पाहा, म्हणजे खरा फरक कळेल.

माझा सल्ला असा की पहिला आठवडा वसतिगृहात किंवा वायएमसीएत काढावा, त्या काळात संध्याकाळी दोन-चार खोल्या प्रत्यक्ष पाहाव्यात आणि उरलेल्या तीन आठवड्यांसाठी त्यांतली एक घ्यावी. न पाहिलेल्या खोलीसाठी भारतातून पैसे पाठवणे मला धोक्याचे वाटते.

आणखी एक, रविवारसाठी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये ज्या घरात खोली घेऊन राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले असून तेथे त्यांचे स्मारक आहे. चॉक फार्म स्थानकापासून ते जवळच आहे. जाण्यापूर्वी उघडण्याच्या वेळा पाहून घ्याव्यात.

मेट्रोपॉलिटन

मी बऱ्याच वर्षांपासून हॅरोमध्ये राहतो आणि आमच्या घरातील एक खोली आम्ही अधूनमधून अभ्यासकांना व नव्याने नोकरीला आलेल्यांना देतो. (सध्या ती रिकामी नाही, म्हणून हा प्रतिसाद जाहिरात समजू नये.) वरील सल्ल्यातील ग्रंथालयाविषयीचा भाग अगदी योग्य आहे, परंतु पहिल्या आठवड्यात खोल्या पाहत फिरण्याच्या सूचनेशी मी सहमत नाही. तुमच्याकडे मुळात चार आठवडे आहेत. त्यांतला एक आठवडा नवख्या शहरात, जेट लॅग अंगावर असताना, संध्याकाळी घरे पाहण्यात गेला, तर वाचनाचे नुकसान होईल. शिवाय तीन आठवड्यांसाठी खोली द्यायला बहुतेक घरमालक तयार नसतात, कारण त्यांना किमान तीन किंवा सहा महिन्यांचा भाडेकरू हवा असतो. महिनाभरासाठी एकदा तयार होणारे घर शोधणेच कठीण असते. तीन आठवड्यांसाठी ते अधिक कठीण होते.

तुमच्या रकमेत बसणारा मार्ग म्हणजे घरमालक स्वतः राहतो अशा घरातील एक खोली. या प्रकारच्या खोल्या लंडनमध्ये भरपूर असण्यामागे करव्यवस्थेचे कारण आहे. राहत्या घरातील सजवलेली खोली भाड्याने दिल्यास वर्षाला ७,५०० पौंडांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, आणि ही मर्यादा २०१६ पासून कायम आहे. त्यामुळे मुले शिकायला बाहेर गेलेली कुटुंबे, एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका, घराचे हप्ते भरणारी तरुण जोडपी अशी साधी माणसे एखादी खोली देतात. भाड्यातच वीज, गॅस, पाणी, इंटरनेट आणि कौन्सिल टॅक्स (कौन्सिल म्हणजे स्थानिक पालिका, तिचा घरावरील कर) धरलेला असतो. लंडनमध्ये एका खोलीचे मासिक भाडे आता सर्वसाधारणपणे हजार पौंडांच्या आसपास गेले आहे. शहराच्या मध्यापासून थोडे दूर, घरमालकाच्या घरातील लहान खोली, ज्याला येथे बॉक्स रूम म्हणतात, ती सातशे ते नऊशेपर्यंत मिळू शकते. अल्प मुदतीसाठी थोडे जास्त मागतात, ते गृहीत धरावे.

भाग निवडताना माझा एकच आग्रह आहे. नकाशावरचे अंतर पाहू नका, ग्रंथालयाजवळच्या किंग्ज क्रॉस सेंट पँक्रस स्थानकाला गाडी न बदलता पोहोचवणारा रेल्वेमार्ग पाहा. लंडनमध्ये चार मैलांवरचे घर दोन गाड्या बदलून पन्नास मिनिटांवर असते आणि नऊ मैलांवरचे घर एका गाडीने अर्ध्या तासात येते. आमच्या मेट्रोपॉलिटन नावाच्या रेल्वेमार्गावर वेम्बली पार्क, प्रेस्टन रोड, नॉर्थविक पार्क ही स्थानके झोन चारमध्ये येतात (प्रवासभाड्यासाठी लंडनचे मध्यापासून बाहेर झोन एक, दोन असे पट्टे पाडले आहेत) आणि तेथून थेट गाडी आहे. या पट्ट्यात गुजराती वस्ती मोठी असल्याने शाकाहारी स्वयंपाकघर असलेले घर मिळण्याची शक्यता येथे सर्वाधिक. वेम्बलीच्या ईलिंग रोडवर भाकरीच्या पिठापासून कढीपत्त्यापर्यंत सारे काही मिळते. पूर्वेकडे ईस्ट हॅमहून हॅमरस्मिथ अँड सिटी मार्गाची थेट गाडी आहे, तेथे दक्षिण भारतीय व श्रीलंकेच्या तमिळ लोकांची वस्ती आहे आणि भाडी तुलनेने कमी आहेत. व्हिक्टोरिया मार्गावरील फिन्सबरी पार्क, सेव्हन सिस्टर्स, वॉल्थमस्टो आणि पिकॅडिली मार्गावरील वुड ग्रीन, आर्नोस ग्रोव्ह हे भागही पाहण्याजोगे आहेत. साउथॉलचे नाव भारतात सर्वांना माहीत असते. पण ते शहराच्या पश्चिमेला आहे आणि तेथून तुमच्या ग्रंथालयाला येताना गाडी बदलावी लागते.

प्रवासखर्च भाड्यात मिळवूनच तुलना करा. झोन चारमधून रोज येणे-जाणे केल्यास आठवड्याला पन्नास ते साठ पौंड जातात. सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि दुपारी चार ते सात या गर्दीच्या वेळा टाळल्या तर कमी. प्रवासभाडे देण्यासाठी एकच कार्ड कायम वापरले तर सोमवार ते रविवार या आठवड्याची कमाल मर्यादा आपोआप लागू होते, त्यामुळे आधी पास काढण्याची गरज नाही. याउलट झोन दोनमध्ये बसच्या मार्गावर खोली मिळाली, तर बसभाडे अगदी कमी असते आणि पहिल्या बसनंतर तासाभरात दुसऱ्या बसला वेगळे पैसे पडत नाहीत. म्हणजे झोन दोनमधील खोली महिन्याला शंभर पौंडांनी महाग असली तरी ती एकूण हिशेबात झोन चारच्या खोलीइतकीच पडू शकते, आणि रोजचा तासभर वाचतो तो वेगळाच.

लंडनच्या महाराष्ट्र मंडळालाही ईमेल पाठवा. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाची डॉलिस हिल लेनवर स्वतःची वास्तू आहे. खोली शोधून देणे हे त्यांचे काम नव्हे, परंतु सभासदांपैकी कोणाला महिनाभरासाठी पाहुणा ठेवायचा असेल, तर निरोप योग्य ठिकाणी पोहोचतो. आमच्याकडे आलेल्या अभ्यासकांपैकी बहुतेक अशाच ओळखीतून आले होते. न पाहिलेली खोली घेण्यातला धोका ओळखीमुळेच कमी होतो.

कृष्णाकाठ

दोन्ही सविस्तर उत्तरांसाठी मनापासून आभार. ग्रंथालयाला आणि महाराष्ट्र मंडळाला आजच ईमेल पाठवते.

दरम्यान एका संकेतस्थळावर किंग्ज क्रॉसजवळ, ग्रंथालयापासून दहा मिनिटांवर, स्वतंत्र स्वयंपाकघर असलेली संपूर्ण सदनिका महिन्याला सहाशे पौंडांत असल्याचे दिसले. मालक सध्या नोकरीनिमित्त परदेशात आहे. एक महिन्याचे भाडे आणि तेवढीच अनामत बँकेतून पाठवल्यास किल्ली कुरिअरने भारतात पाठवीन, असे तो म्हणतो. छायाचित्रे उत्तम आहेत. हे विश्वासार्ह वाटते का? तसेच व्हिसाच्या अर्जासोबत निवासाचे आरक्षण जोडणे आवश्यक असते का, हेही कोणी सांगावे.

नीरक्षीर

कृपया त्या माणसाला एक पौंडही पाठवू नका. मी लंडनमध्ये भाडेकरूंना सल्ला देणाऱ्या एका सेवाभावी केंद्रात काम केले आहे आणि तुम्ही सांगितलेली प्रत्येक खूण आमच्याकडे येणाऱ्या फसवणुकीच्या तक्रारींत असे. त्या भागातील संपूर्ण सदनिका महिन्याला सहाशे पौंडांत मिळत नाही. तेवढ्यात तेथे सामायिक घरातील खोलीही मिळणार नाही. मालक परदेशात असणे, किल्ली टपालाने पाठवणे, संकेतस्थळाची पैसे भरण्याची व्यवस्था टाळून थेट बँकेत रक्कम मागणे आणि उत्तम छायाचित्रे, हे सारे एकत्र आले की ती छायाचित्रे दुसऱ्या कोणाच्या जाहिरातीतून उचललेली आहेत असे समजावे. परदेशातून येणारे विद्यार्थी आणि अभ्यासक यांनाच अशी माणसे हेरतात, कारण ते प्रत्यक्ष येऊन पाहू शकत नाहीत.

खरी खोली ओळखण्यासाठी काय करता येईल ते थोडे विस्ताराने सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे व्हिडिओ कॉल. आधी चित्रित केलेली फीत चालणार नाही. तुमच्याशी बोलता बोलता घरमालकाने रस्त्यावरून दारातून आत यावे, खोलीची खिडकी उघडून बाहेरचे दृश्य दाखवावे, स्वयंपाकघर व न्हाणीघर दाखवावे. तोच रस्ता नकाशावरील छायाचित्रांत पाहून दार जुळते का ते तपासावे. दुसरी गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. इंग्लंडमधील नोंदणीकृत घराचा मालक कोण हे शासनाच्या लँड रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर सात पौंड भरून कोणालाही पाहता येते, अगदी भारतात बसूनही. आपल्याकडच्या सातबाऱ्यासारखाच तो उतारा समजा. त्यावरील नाव आणि तुमच्याशी बोलणाऱ्याचे नाव जुळले तर एक मोठी शंका मिटते. सदनिका असेल तर संपूर्ण इमारतीचा उतारा न घेता त्या सदनिकेच्या दीर्घ मुदतीच्या पट्ट्याचा उतारा घ्यावा. मालक म्हणून स्थानिक कौन्सिल किंवा गृहनिर्माण संस्था यांचे नाव दिसले, तर तेथील भाडेकरू परवानगीविना संपूर्ण घर परस्पर दुसऱ्याला देत असण्याची शक्यता असते. २०१३ च्या कायद्याने असे करणे गुन्हा ठरले आहे आणि कौन्सिलने कारवाई केल्यास तुमचे सामान रस्त्यावर येईल.

अनामतीविषयी कायदा काय म्हणतो ते माहीत असावे. २०१९ च्या भाडेकरू शुल्क कायद्यानुसार, वार्षिक भाडे पन्नास हजार पौंडांहून कमी असेल तर अनामत पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा अधिक घेता येत नाही, आणि खोली राखून ठेवण्यासाठीची रक्कम एका आठवड्याच्या भाड्यापेक्षा अधिक असू शकत नाही. घरमालकासोबत त्याच्या घरात राहणाऱ्यालाही ही मर्यादा साधारणपणे लागू होते. परंतु अनामत सरकारमान्य योजनेत जमा करण्याचे बंधन अशा घरमालकावर नसते, म्हणजे ती त्याच्याच खिशात राहते. त्याला तुम्हाला घर सोडायला सांगायचे झाल्यास वाजवी मुदतीची सूचना पुरते. न्यायालयाचा आदेश लागत नाही. म्हणून महिनाभराच्या मुक्कामासाठी मी तरी एका-दोन आठवड्यांच्या भाड्यापेक्षा अधिक अनामत देऊ नये असेच म्हणेन आणि काय ठरले ते ईमेलवर लिहून घेईन : तारखा, एकूण रक्कम, त्यात काय धरले आहे, अनामत कधी व कशी परत मिळणार. खोलीत शिरल्याबरोबर भिंती, गादी, टेबल यांची छायाचित्रे काढून त्याच दिवशी घरमालकाला पाठवावीत.

घरमालकाने पासपोर्ट आणि व्हिसा पाहायला मागितला तर बिचकू नका. इंग्लंडमध्ये भाड्याने जागा देणाऱ्याला माणसाचा देशात राहण्याचा हक्क तपासावा लागतो, त्यामुळे सज्जन घरमालकही हे विचारतो. मात्र व्हिडिओ कॉल होऊन माणसाची खात्री पटण्यापूर्वी त्यांच्या प्रती पाठवू नयेत.

व्हिसासंबंधी : पर्यटक व अल्पकालीन अभ्यागतांच्या अर्जात कोठे राहणार ते लिहावे लागते, पण पैसे भरलेले आरक्षण जोडावे लागत नाही. ब्रिटिश शासनाच्या मार्गदर्शिकेत हॉटेलची आरक्षणे पुरावा म्हणून पाठवू नयेत अशा कागदांच्या यादीतच आहेत. महाविद्यालयाचे रजेचे व अनुदानाचे पत्र आणि बँकेची विवरणपत्रे यांना अधिक महत्त्व आहे. त्यामुळे व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येण्याजोग्या आरक्षणावरच थांबावे.

दोनओळी

अठ्ठावीस दिवसांहून अधिक राहिल्यास हॉटेलवाल्यांना २० टक्के व्हॅट लावता येत नाही असे ऐकले आहे. मग महिनाभरासाठी हॉटेलशीच घासाघीस का करू नये? तसेच घरे भाड्याने देणाऱ्या एअरबीएनबीसारख्या संकेतस्थळांवर महिन्याच्या आरक्षणाला मोठी सवलत असते, तीही पाहावी.

नीरक्षीर

व्हॅटच्या बाबतीत थोडी दुरुस्ती आवश्यक आहे. सवलत आहे, पण ती एकोणतिसाव्या दिवसापासून पुढे लागू होते. पहिल्या अठ्ठावीस दिवसांवर पूर्ण कर द्यावाच लागतो. त्यामुळे तीस दिवसांच्या मुक्कामात जेमतेम दोन रात्रींचा फरक पडेल. दोन-तीन महिने राहणाऱ्यासाठी ही तरतूद फायद्याची आहे, प्रस्तुत प्रश्नात तिचा फार उपयोग नाही.

संकेतस्थळांवरील मासिक सवलत मात्र खरी आहे आणि अठ्ठावीस किंवा त्याहून अधिक रात्रींचे आरक्षण असल्यास ती दिसते. तेथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. लंडनमध्ये संपूर्ण घर वर्षाला नव्वदहून अधिक रात्री अल्पमुदतीने देण्यासाठी कौन्सिलची परवानगी लागते. तुम्ही महिनाभर राहिलात की मालकाच्या त्या मर्यादेतील तिसरा हिस्सा संपतो, म्हणून उन्हाळ्यातल्या भरगच्च हंगामात तो दर उतरवायला राजी नसतो. मालक स्वतः राहत असलेल्या घरातील एखाद्या खोलीला ही मर्यादा लागू होत नाही. त्यामुळे अशा संकेतस्थळांवरही संपूर्ण घर न पाहता ‘खासगी खोली’ हा पर्याय निवडावा, आणि पैसे कायम संकेतस्थळामार्फतच द्यावेत. महाग पडले तरी पैसे भरल्यानंतरचे संरक्षण तेथे मिळते.

घरचे जेवण

स्वयंपाकाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. मी मुलीच्या बाळंतपणासाठी लंडनला राहिले आहे आणि नंतर एका भाड्याच्या खोलीतही राहिले आहे. खोली ठरवताना ‘स्वयंपाकघर वापरता येईल’ एवढ्यावर समाधान मानू नका. किती वाजेपर्यंत वापरता येईल, फोडणी दिलेली चालेल का, शीतकपाटात एक कप्पा मिळेल का, हे स्पष्ट विचारावे. काही घरमालकांना फोडणीचा वास चालत नाही, आणि ‘हलका स्वयंपाक’ असे जाहिरातीत लिहिलेले असले तर त्याचा अर्थ चहा आणि पाव गरम करणे एवढाच असतो. माझ्या एका घरमालकिणीने आठव्या दिवशी हे सांगितले, तेव्हा उरलेले सारे दिवस मला बाहेरचे खाऊन काढावे लागले आणि खर्च दुपटीने वाढला. आधी विचारले की नकार मिळाला तरी तो वेळेवर मिळतो.

भारतातून लहान कुकर नेत असाल तर तो इंडक्शन शेगडीवर चालणाऱ्या बुडाचा असावा, कारण पुष्कळ घरांत गॅस नसतो. तेथील विजेचे सॉकेट आपल्यापेक्षा वेगळे, चौकोनी पिनांचे असते. ॲडॉप्टर येथूनच न्यावा. कपडे धुण्याचे यंत्र आठवड्यातून किती वेळा वापरता येईल हेही ठरवून घ्यावे, नाहीतर बाहेर यंत्रात पैसे टाकून धुवावे लागतात. दुपारच्या जेवणासाठी ग्रंथालयाच्या उपाहारगृहात रोज खाणे परवडत नाही. डबा न्यावा, आणि ज्या दिवशी तो करायला जमणार नाही त्या दिवशी युस्टन स्थानकामागच्या ड्रमंड स्ट्रीटवर जावे. तेथे जुनी भारतीय शाकाहारी उपाहारगृहे आणि किराणा दुकाने आहेत, ग्रंथालयापासून दहा मिनिटांवर. डाळ, तांदूळ, मसाले तेथे मिळतात, त्यामुळे बॅगेतले वजन त्यांत घालवू नका.

आणि घरात आणखी कोण कोण राहते, न्हाणीघर कितीजणांत सामायिक आहे, खोलीच्या दाराला आतून कडी आहे का, हे एकट्या राहणाऱ्या स्त्रीने संकोच न करता विचारावे. चांगल्या घरात या प्रश्नांचे कोणाला वाईट वाटत नाही.

कृष्णाकाठ

सर्वांचे शतशः आभार. त्या सदनिकेच्या मालकाला व्हिडिओ कॉलवर घर दाखवा म्हटले, तर त्याने उत्तर देणेच थांबवले. पैसे पाठवले नाहीत, हे तुमच्यामुळे झाले.

दोन्ही सल्ल्यांचा मेळ घालून मी असे ठरवले आहे. पहिल्या तीन रात्री वसतिगृहात, ग्रंथालयापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी रद्द करता येणारे आरक्षण करावे, म्हणजे प्रवासाचा शीण जाईल आणि वाचकपत्र काढणे, कागदांची मागणी नोंदवणे ही कामे लगेच होतील. उरलेल्या काळासाठी वेम्बली पार्क ते नॉर्थविक पार्क या पट्ट्यात, व्हिडिओ कॉल आणि उतारा पाहून, घरमालकासोबतची खोली येथूनच ठरवावी. महाराष्ट्र मंडळामार्फत एका कुटुंबाचा ईमेल आलाही आहे. खोलीचे आठशे पन्नास पौंड सांगितले आहेत. त्यांना पहिले पत्र कसे लिहावे म्हणजे सगळे स्पष्ट होईल आणि उद्धटही वाटणार नाही?

मेट्रोपॉलिटन

आठशे पन्नास हा त्या पट्ट्यासाठी रास्त आकडा आहे. मात्र वसतिगृहाच्या तीन रात्रींचे दीडशे-दोनशे आणि प्रवासाचे दोनशेच्या पुढे मिळवले, तर जेवणासाठी फार उरत नाही. म्हणून तीन रात्री कमी झाल्याने भाडे प्रमाणात कमी होईल का, हे पहिल्याच पत्रात विचारा. नाही म्हणाले तर वसतिगृह सोडून द्यावे आणि थेट त्यांच्याकडेच उतरावे. विमानतळावरून वेम्बलीला आलात तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथालयात पोहोचता येते.

पत्र मी असे लिहिले असते :

‘नमस्कार. मी महाराष्ट्रातील महाविद्यालयात इतिहासाची प्राध्यापिका असून ब्रिटिश लायब्ररीतील संशोधनासाठी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत लंडनमध्ये राहणार आहे. सोमवार ते शनिवार मी सकाळी बाहेर पडून संध्याकाळी परत येईन. मी शाकाहारी आहे आणि सकाळी डबा व रात्रीचे साधे जेवण, फोडणीसह, स्वतः करू इच्छिते. आपल्याला ते चालेल का आणि कोणत्या वेळी सोयीचे पडेल? भाड्यात वीज, इंटरनेट आणि कपडे धुण्याचे यंत्र धरले आहे का? न्हाणीघर कितीजणांत सामायिक आहे? मी तीन रात्री उशिरा आल्यास भाडे त्या प्रमाणात ठरवता येईल का? खोली राखून ठेवण्यासाठी मी एका आठवड्याचे भाडे देऊ शकेन, उरलेली रक्कम आल्यावर देईन. माझ्या महाविद्यालयाचे पत्र सोबत जोडले आहे. या आठवड्यात आपल्या सोयीने व्हिडिओ कॉलवर बोलता आले तर घर पाहता येईल आणि आपलीही माझ्याविषयी खात्री होईल.’

शेवटचे वाक्य वगळू नका. अनोळखी माणसाला घरात घेणाऱ्यालाही तेवढीच काळजी असते. महाविद्यालयाचे पत्र आधीच जोडलेले दिसले की आम्ही घरमालक पुष्कळदा दुसऱ्या इच्छुकांना थांबायला सांगतो. उत्तर आले की येथे कळवा. त्यांच्या घरापासून स्थानक किती मिनिटांवर आहे आणि संध्याकाळी तो रस्ता कसा असतो ते मी प्रत्यक्ष जाऊन पाहून सांगेन.